कोणत्याही कवितेले चालणारं उत्तर

प्रताप नगर, नागपूर
८ फेब्रुवारी

आई,

उन्नतीचा नमस्कार. दहावीची परीक्षा होईपर्यंत मावशीनं मोबाईल कपाटात ठेवला, म्हणून पत्र. जेवण बरोबर होऊन राहिलं. बाबांचा खोकला कमी झाला का?

इंग्रजीच्या सराव परीक्षेत कवितेचे मार्क गेले, पण घाबरू नको. ‘कविता का आवडली?’ याचं एकच उत्तर सरांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कोणत्याही कवितेले चालते म्हणे. भाषा सोपी आहे अन् वाचून मन आनंदानं भरून जाते. आम्ही तीसही जणींनी तेच लिहिलं.

कविता निघाली एका आईची. तिची पोरगी दूर शिकाले गेली, अन् ती रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून वाट पाहते. सरांनी आमची उत्तरं मोठ्यानं वाचली अन् म्हणाले, ‘काहून वं पोरींनो, एवढा आनंद कशाचा झाला तुम्हाले?’ सगळ्या हसल्या. मी पण हसली.

मावशीकडे येऊन कविता पुन्हा वाचली, डिक्शनरी घेऊन.

या शनिवारीही घरी खाप्याले येणं जमणार नाही, एक्स्ट्रा क्लास आहे. संध्याकाळी अजून थंडी असते. दाराची कडी लावून घेत जा वं आई.

तुझी,
उन्नती