आरपार वाऱ्याचा शिक्क्यासह हुकूम मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य गृहनिरीक्षक,
नगरगृह विभाग, व्रबाक.

विषय : माझी बहीण देसांका व मी यांच्या नावे, घराच्या खिडक्या उघडण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा दि. १४ नोव्हेंबरचा बुरशीविषयक अहवाल.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, मी, व्होयिन स्तानोयलोविच, वय ७९, निवृत्त मुद्रितशोधक, लिपोव्हा गल्लीत थोरल्या बहिणीसह राहतो. १५ जानेवारीच्या फेरतपासणीत उत्तरेकडची भिंत कोरडी न आढळल्यास घर राहण्यास अयोग्य ठरवून आम्हांस वृद्धाश्रमात हलविण्यात येईल, असे अहवालात आहे. तेथे पुरुष व स्त्रियांच्या इमारती वेगळ्या आहेत, असे चौकशीअंती कळले. आम्ही दोघे आजवर कधी वेगळ्या छताखाली राहिलेलो नाही. असा अर्ज करावा की नाही, याची मला खात्री नाही. हा सातवा खर्डा आहे.

२. अहवालातील बहुतेक सूचना पाळल्या आहेत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, मागची काळी बुरशी व्हिनेगरने पुसली. धुतलेले कपडे माळ्यावर वाळवतो. आंबवलेल्या कोबीचे पिंप तळघरात गेले. सूप झाकण ठेवून उकळते. तरी आर्द्रतामापकाचा काटा ८१ च्या खाली येत नाही. (हे वाक्य लिहून उठलो व पाहिले : ८२.)

३. कारण मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिडक्या लागल्या. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून घर आपले आपण श्वास घेई आणि कुणाला दोष लागत नसे. आता खिडकी मुद्दाम उघडावी लागते, आणि समोरासमोरच्या दोन उघडल्या की वाऱ्याचा आरपार झोत होतो. आपण याच गावचे. असा झोत माणसाचा जीव घेतो, हे आपल्या आईनेही आपल्याला सांगितले असेल. आमचा भाऊ ल्युबिवोये १९५८ साली आगगाडीत दोन उघड्या खिडक्यांच्या मध्ये बसला व आठवड्यात गेला. दाखल्यावर मेंदूज्वर लिहिले आहे. देसांका म्हणते, "दाखला लिहिणारा त्या डब्यात होता का?"

४. निरीक्षकांचा अहवाल मी तिला वाचून दाखविला. ती म्हणाली, "अरे पुस्तकातल्या किड्या, निरीक्षक मेला तर त्याची बायको रडेल. तू मेलास तर मला रडावं लागेल, आणि स्मशान चढावर आहे."

५. गुरुवारी ती दवाखान्यात गेली असता मी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या दहा मिनिटांसाठी उघडल्या. काटा ७० पर्यंत उतरला. ती लवकर परतली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी पाहून दारातच तिने शाल डोक्यावर ओढली. "कुणी सांगितलं तुला हे?" मी घाबरून म्हणालो, "वरून हुकूम आहे." ती थबकली. "दाखव." ती एकतीस वर्षे न्यायालयाच्या नोंदणी कक्षात होती. शिक्क्याचा कागद तिने कधी मोडला नाही, बिनशिक्क्याचा कधी मानला नाही. "टपालात आहे," असे मी सांगून बसलो. तेव्हापासून ती रोज तीन मजले उतरून टपालपेटी पाहते व माझ्याकडे पाहते.

६. सबब विनंती की, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे दोन्ही खिडक्या उघडाव्यात व तेवढा वेळ श्रीमती देसांका यांनी न्हाणीघरात दार लावून बसावे, असा आदेश गोल शिक्क्यासह काढावा.

७. आदेशात माझेही नाव असावे. गुरुवारी तिला एकच खिडकी उघडी सापडली. दुसरी मी ती येण्यापूर्वीच, सहाव्या मिनिटाला, स्वतः बंद केली होती. मानेला वारा लागत होता.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
व्होयिन स्तानोयलोविच
दि. ३ डिसेंबर

सोबत :
१. आर्द्रतामापकाच्या एकोणीस दिवसांच्या नोंदी
२. तिकीट लावलेले पाकीट, देसांका हिच्या नावे (आदेशावर तारीख कृपया मागील आठवड्याची, गुरुवारच्या आधीची घालावी)