पट्टी पांढरी आली तर

दादा,

मला ड्यूटीवर जावंच लागतंय. उठलास की आधी मागच्या दारी जा आणि बाबांना स्विमिंग पूलपासून लांब ठेव. पाण्यात क्लोरीन इतकं झालंय की काठावर उभं राहिलं तरी डोळे चुरचुरतात. तपासायची पट्टी बुडवली की तिचा रंगच उडतो. ती पांढरी बघून बाबा म्हणतात, क्लोरीन संपलं, आणि अजून ओततात. मी डबा वॉशिंग मशीनमागे लपवला, तर तो बरोबर शोधून काढला. समजावायला गेले, तर माझ्यावरच डाफरले. मी हात टेकले रे.

क्लोरीन जास्त झालं तरी पट्टी पांढरी येते, हे आपल्याला शिकवलं कोणी? त्यांनीच ना?

छोटी