गारगोट्यांचं राज्य

मु. खडकवाडी, ता. कर्जत
चैत्र महिना, सन १९७३

राजमान्य राजश्री उत्तमराव पाव्हणे यांस रखमाजीचा रामराम. मागच्या दोन पत्रांत रामराम घालायचा घाईत राहून गेला होता, तेव्हा हा तीन वेळचा समजून घ्यावा. तुमची बहीण भागिरथी ठीक आहे, मीही ठीक आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? हे पत्र घेऊन आलेला माणूस तुमच्या दारात उभा असेल. त्याला आत बोलावून आधी पाणी द्या, मग वाचायला बसा. तो कोण ते पुढे येईलच. तो स्वतःहून सांगायचा नाही, आणि मला सांगायला थोडा वेळ लागेल.

तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकून त्या बागाईतदाराकडे पेरूच्या बागेवर राखणदाराची जागा धरून ठेवलीत. मी पहिल्यांदा आलो नाही तेव्हा लिहिले की बैलाला ताप आला. (तो बैल तुम्हीच दिवाळीनंतर चाऱ्यासाठी कोपरगावला नेऊन तुमच्या गोठ्यात बांधला आहे, हे मला कार्ड टपालपेटीत पडल्यावर लक्षात आले. पेटीत हात घालून पाहिला. जात नाही.) दुसऱ्यांदा लिहिले की एस.टी. चुकली. ते खोटे होते, आणि खरे काय ते आज लिहितो.

त्या मंगळवारी मी पहाटे उठलो. दोन तांब्यांत आंघोळ केली, मारुतीला पळीभर पाणी घातले (या साली तोही काटकसरीने न्हातो), माळ ओढली, भागिरथीने बांधून दिलेल्या भाकरी पिशवीत टाकल्या आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. नगरची एस.टी. आली. मी हात केला नाही. तरी ती थांबली, कारण फाट्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जायचेच असते असा कंडक्टरचा समज. त्याने दार उघडून विचारले, "बाबा, यायचंय, का नुसतं बघायला हुबं हाय?" मी म्हणालो, "बघायलाच." त्याने घंटी ओढली. मी धूळ खाली बसेपर्यंत थांबलो आणि पिशवी घेऊन तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. भाकरी तिथेच खाल्ल्या.

कारण असे की त्या आठवड्यात मी राज्याचा प्रधान होतो, आणि सारा खजिना माझ्या उपरण्यात बांधलेला होता.

पाव्हणे, हसू नका. किंवा हसा, पण पुढे वाचा.

आमच्या टोळीत चौदा माणसे. दुपारच्या सुट्टीत बसायला एकच बाभूळ, आणि तिची सावली कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. संक्रांतीच्या सुमारास आमच्यातल्या आक्काबाईंनी (वय सत्तर, दात दोन, तोंड मात्र भरलेले) लहानपणचा चिठ्ठ्यांचा खेळ काढला. राजा, चोर, शिपाई लिहिलेल्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या आणि एकेकाने उचलायच्या. आम्ही तो एक दुपार खेळलो. दुसऱ्या दिवशी भागिरथी म्हणाली, "एका दुपारचा राजा कसला? पानी प्यायला उठलं की राज्य गेलं." म्हणून ठरले की उचललेली चिठ्ठी आठवडाभर चालवायची. तिथून सगळे बिघडले. (किंवा सुधारले. माझे अजून ठरत नाही.)

हळूहळू कायदे झाले. राजा आणि चोर दर सोमवारी चिठ्ठीने ठरतात, बाकीची पदे कमवायची. खडी फोडताना कधीमधी दगडातून पांढरी गारगोटी निघते, ती राजाच्या खजिन्यात जमा करायची. पाच गारगोट्या आणल्या की शिपायाचा नाईक होतो, आणखी दहा आणल्या की जमादार, आणि असे करीत वर. चोराने आठवड्यात खजिना फोडायचा, कोतवालाने त्याला धरायचे. नाल्यापलीकडच्या आबासाहेबांच्या टोळीने हे पाहिले आणि आपले वेगळे राज्य काढले. मग लढाया आल्या. ज्या टोळीचा खडीचा ढीग आधी पुरा होईल ती जिंकली, आणि हरलेल्यांची काही वस्तू लूट म्हणून न्यायची. मुकादम चकित झाला की उन्हातान्हात ही माणसे न सांगता एवढी खडी का फोडतात.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. (दगड फोडताना विचाराला मनाई नसते.) माणूस यात का अडकतो? एक तर नेहमी दोनच गारगोट्या कमी असतात. त्या दोन मिळाल्या की कळते, पुढच्या पदाला आता आणखी वीस. माझी माळही अशीच आहे, मेरुमण्यापाशी आलो की मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून, आणि इतकी वर्षे मला त्याचा कंटाळा आलेला नाही. पण नुसते तेवढे नाही. घरी मला कोणी प्रधान म्हणत नाही. तुमची बहीणच म्हणते, "राज्याचं परधान हाय म्हनं, आन् घरात दिव्यात तेल हाय का न्हाई ते ठावं न्हाई." बाभळीखाली मात्र कोणाची किती एकर जमीन करपली हे कोणी विचारत नाही. तिथे विचारतात, कोतवाल कुठे आहे, खजिना शाबूत आहे का, आणि उद्या तुम्ही याल ना.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. कामावर पाण्याचे दोन माठ असत, एक आमचा आणि एक बौद्ध वस्तीतल्या बायांचा. असे का, ते कोणी ठरवलेले नव्हते आणि कोणी विचारतही नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्या वस्तीतल्या राहीबाईंना राजाची चिठ्ठी आली. कायद्याप्रमाणे आधी राजा पाणी पितो, मग प्रजा. राहीबाई आमच्या माठापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, कारण पाणी देणे प्रधानाचे काम. मी घुटमळलो. एवढी वर्षे माळ ओढून मी घुटमळलो, पाव्हणे. तेवढ्यात आक्काबाई म्हणाल्या, "परधानजी, राजा तानेला हुबा हाय. का राज्य बुडवता?" मी तांब्या भरून दिला. त्या प्यायल्या, मग त्याच तांब्याने आम्ही प्यालो. दुसऱ्या सोमवारी राजा बदलला, पण दुसरा माठ त्या दिवशी बाजूला झाला तो काही परत आला नाही. हा खेळ मोडू नये असे मला वाटते, त्याचे हेही एक कारण आहे.

आता छगनचे सांगतो. छगन आमच्याच टोळीतला, वय तीस, जमीन नाही, बायको पुष्पावती पाच महिन्यांची पोटुशी. त्याला सलग तीन सोमवार चोराची चिठ्ठी आली. बोलायला गरीब, पण चोरी अशी करायचा की माझ्या कमरेच्या उपरण्याची गाठ तशीच राही आणि आतल्या गारगोट्या कमी होत. कोतवाल तुमची बहीण होती. तिने घरात मला कधी सुटू दिले नाही, पण छगन तिला तीन आठवडे सापडला नाही. आणि रोज काम सुटताना तो चोरलेल्या गारगोट्या मोजून माझ्या हातात आणून देई. मी म्हणालो, "अरे, कायद्यात परत द्यायचं नाही." तर म्हणाला, "राती घरी ठिवल्या तर ती खरीच चोरी व्हईल की, आण्णा."

त्या छगनला माझ्या हाताने बुडवले. झाले असे की हजेरीचा नवा कारकून आला. त्याला प्रत्येक टोळीची यादी नव्याने हवी होती. आमच्यात बरे अक्षर माझे (व्हर्नाक्युलर फायनलला मास्तरांनी त्याची तारीफ केली होती, ती मला भोवली). त्या वेळी बाभळीखाली दरबार भरला होता. एका कानाने फिर्याद ऐकत मी दुसरीकडे यादी लिहीत होतो, आणि सवयीने प्रत्येक नावापुढे पद घालत गेलो. राहीबाई, जमादार. आक्काबाई, राजवैद्य. भागिरथी, कोतवाल. छगन, चोर. खाली टोळीतर्फे सही, रखमाजी, प्रधान. कारकुनाने बाकीची पदे खेड्यातली थट्टा म्हणून सोडून दिली. पण त्याच दिवशी कामावरची दोन घमेली आणि एक पहार नाहीशी झाली होती. त्याने छगनच्या नावावर रेघ ओढली आणि शेरा मारला की टोळीनेच लेखी कळवले आहे. दुसऱ्या दिवशी हजेरीला छगनचे नाव आले नाही.

मी, आक्काबाई आणि राहीबाई ओव्हरसियर साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "पन्नाशीला आलेले गृहस्थ तुम्ही, आणि राजा-चोर खेळता?" मी उपरणे सोडून गारगोट्या दाखवल्या. राहीबाई म्हणाल्या, "सायेब, खरा चोर असता तर यादीत चोर म्हनून नाव घालून घ्यायला परधानाच्या हाताशी बसला असता का?" घमेली आणि पहारही सापडली. आबासाहेबांच्या टोळीने ती लूट म्हणून नेऊन आपल्या ढिगाखाली पुरली होती. आबासाहेब स्वतः येऊन तसे बोलले, मान खाली घालून, पण छातीवर नाडीने बांधलेल्या सेनापतीच्या गारगोट्या तशाच. साहेबांना पटले. पण कागद तालुक्याला गेला होता, आणि नवे नाव पुढच्या यादीतच घालता येईल, म्हणजे महिना-सव्वा महिना. आम्ही उठलो तेव्हा साहेब थोडे थांबून म्हणाले, "नाईक व्हायला किती लागतात म्हणालात?"

मला वाटले होते छगन माझे तोंड पाहणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन कोस चालून बाभळीखाली हजर. हजेरी नाही, पगार नाही. मी विचारले, "छगन, कशाला आलास रे उन्हाचा?" तो म्हणाला, "चोर न्हाई आला तर कोतवालीन बाईनं करायचं काय?" आणि बसला. भागिरथीने आपली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. त्याने नको म्हटले. "चोरून घे मग," ती म्हणाली, आणि तोंड दुसरीकडे फिरवून बसली. त्याने घेतली. पण निम्मी धोतराच्या सोग्यात बांधली, ती कोणासाठी हे आम्हा सगळ्यांना कळले.

असे आठ दिवस चालले. आठव्या दिवशी माझी माळ मेरुमण्यापाशी येऊन थांबली आणि पुढे सरकेना. देवापुढे बसून मी प्रधानकीचा विचार करीत होतो असे भागिरथीला वाटले. ती म्हणाली, "तुमी कोपरगावला जाऊ नगा, असं मी म्हनत न्हाई. पर त्या पोटुशीचं काय ते आधी बोला, मग माळ वढा." मी बोललो. तिने दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "दादा रागावंल. रागवू दे." आणि पिशवी काढली.

तेव्हा पाव्हणे, पेरूच्या बागेवर यायला जो माणूस निघाला आहे, तो आजच्या गाडीने निघाला आहे. बागाईतदारास माझा नमस्कार सांगा. आम्हा दोघांची तुमच्यावर आधी होती तेवढीच माया आहे, आणि ती आता तुम्हाला लागेल. सर्वांना रामराम.

आपला,
रखमाजी

ता. क. तो माणूस मी नव्हे, हे तुम्ही एव्हाना दाराकडे पाहून ओळखले असेल. तो छगन. माझ्यासाठी धरलेली जागा त्याला द्या. बागाईतदार विचारील की याने आधी काय केले आहे, तर खरे ते सांगा. तीन आठवडे चोर होता, एकदाही सापडला नाही, आणि सगळे परत केले. बागेत चोर कोणत्या बाजूने शिरेल हे याच्याइतके कोणाला कळणार? मी राखणदार झालो असतो तर दुपारी माळ ओढता ओढता पेंगलो असतो आणि पेरू तुमच्याच आळीच्या पोरांनी नेले असते. जम बसला की पुष्पावतीला घेऊन जाईल. तोवर ती आमच्या घरी राहते आहे.

दुसरी ता. क. माझे खडीवर बरे चालले आहे, काळजी करू नये. (राज्य सोडवत नाही म्हणून मी परक्याला पुढे केले, असे तुम्ही म्हणाल. तेही थोडे आहे. साऱ्या गोष्टी एकाच कारणाने कराव्यात असा कुठे कायदा आहे?)

तिसरी ता. क. हे फाट्यावर उभा राहून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडे. पिशवीत भाकरी आहेत, तरी त्याला जेवायला घाला, तो मागायचा नाही. आता खजिना मोजला तर एक गारगोटी कमी आहे. उपरण्याची गाठ होती तशीच आहे. छगन चार पावलांवर रस्त्याकडे तोंड करून उभा आहे आणि एक मूठ काही केल्या उघडत नाही. त्याला काही विचारू नका, आणि ती गारगोटी परत पाठवायलाही सांगू नका. एस.टी. वळणावर दिसते आहे. या खेपेला मी हात केला आहे.