दगडापायी

बजाजनगर, औरंगाबाद
११ मार्च १९९७

तीर्थस्वरूप सरूअक्कास,
धाकट्या बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

गावाकडं कांदा निघाला असंल. तू इथं दवाखान्यात सांडूच्या उशाशी अडकलीस, दाजी एकटेच राबत असतील. "मामा याच शहरात, पण भाच्याला बघायला येईना," असं तू तुझ्या भावजयीजवळ, आशाजवळ बोललीस. खरंय. म्हणून हे पत्र तिच्याच हाती धाडतोय.

आमच्या शेडमध्ये खोल बोअर मारून काढलेले दगडाचे दांडे पेट्यांत जपून ठेवलेत. कोणता किती खोलवरचा, ते प्रत्येकावर लिहिलंय. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर उद्या वीज करायची म्हटली, तर शोध घेणाऱ्यांना हेच दगड लागतील. पुन्हा एवढं कुणी खोदणार नाय. माझं आणि माझ्यासंगं काम करणाऱ्या जब्बारचं अर्धं आयुष्य त्यात गेलं.

ती जागा आप्पासाहेब नावाच्या प्लॉटिंगवाल्यानं घेतली. कोर्टानं स्टे दिला, तरी परवा भरदुपारी त्याची पोरं टेम्पो घेऊन आली. तोंडाला रुमाल, हातात लोखंडी गज. पेट्या ओढून फोडायला लागली. जब्बार रॅकला मिठी मारून उभा राहिला.

"पहले मेरे कू तोडो," म्हणाला.

त्यांनी तोडला. एकजण त्याच्या हातावर गज घालत राहिला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, तरी जब्बारची मिठी सुटेना. मी धावलो, तसा तो मारणारा वळला.

"मामा, तुम्ही बाजूला व्हा."

अक्का, तुला सांगितलं तसा सांडू गाडीवरून पडला नाय. आवाज ओळखला मी, आणि ओळखूनच मारलं. पायाशी पडलेला दगडाचा दांडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दात उडाले. तो गुडघ्यावर आला, रुमाल सुटला, तोंडातून नुसतं रक्त. मी पुन्हा हात उगारला, डोक्यात घालायला. लई राग होता. थांबलो नसतो.

जब्बार मधी आडवा पडला. त्याचा लोंबता हात सांडूच्या डोक्यावर होता. "बच्चा है, बद्री. तेरा बच्चा है."

त्या पोरांनी सांडूला उचलून टेम्पोत टाकलं आणि पळाली. दगड बरेचसे वाचले. जब्बारचा उजवा हात काल कोपरापासून काढला.

आशा म्हणाली, घरातलं घरात राहू द्या. पण आज सकाळी ठाण्यात जाऊन जबाब दिला. सांडूनं केलं ते सांगितलं, मी केलं तेही. पोलीस दवाखान्यात येतील. आप्पासाहेबानं धाडलं, असं त्याला लिहून द्यायला सांग, नायतर पोरगं एकटंच अडकंल.

मी येऊन गेलो होतो. तू त्याला चमच्यानं पेज पाजत होतीस, निम्मी बाहेर सांडत होती. दारातूनच माघारी फिरलो.

आशाला बोल लावू नको. खाली 'तुझा' लिहायला हात धजत नाय.

बद्रीनाथ