दोन हातचे राखून

३ मार्च, सोमवार

भाचा सकाळीच येऊन गेला. म्हणाला, मावशी, आईसाठी एक चांगलं ठिकाण पाहिलंय. ठिकाण! जणू सुट्टीला जायचंय. चार प्रश्न विचारले तेव्हा बाहेर आलं – वृद्धाश्रम.

ताईचे पाय हिवाळ्यापासून साथ देत नाहीत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, मग उलट. दिवसाला आठ वेळा तिला उठवावं लागतं. काल सहाव्या खेपेला आम्ही दोघी जमिनीवर बसलो – ठरवून नाही – आणि शेजारीण येईपर्यंत बसूनच राहिलो. ते भाच्याच्या कानावर गेलं. तो दारात असताना त्याला स्वच्छ सांगितलं: मी आहे तोवर ताई या घरातून हलणार नाही. मान खाली घालून ऐकून घेतलं. गुन्हेगार असाच ऐकतो.

४ मार्च

नर्सबाई महिन्याची तपासणी करून गेल्या. कामाशी काम ठेवणारी बाई, मला आवडते. भाच्यानं त्यांनाही गाठलं होतं. म्हणाल्या, अठ्ठावीस एप्रिलला येते आणि दिवसभर बसते. आठही खेपा तुम्ही एकटीनं, पाठ न वाकवता केल्यात तर घरी ठेवायला हरकत नाही असं लिहून देईन. नाही जमलं तर तसंही लिहीन.

माझं वय विचारलं. चौसष्ट. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, मग वजनं उचलायला लागा.

वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते मी. वजनांना मी घाबरत नाही. वजनं मला घाबरतात.

६ मार्च

जिम पाहून आले. जुन्या छापखान्याची जागा, शाईचा वास अजून आहे. मालक म्हातारे, मऊ बोलणारे. शिकवणारे दोघे त्यांचे जावई. आणि खोलीच्या बरोबर मधून जमिनीवर पिवळा पट्टा!

थोरला जावई म्हणतो, नवख्यानं भारी वजन घ्यावं आणि एका दमात पाचच वेळा उचलावं. एकदा उचललं की एक रेप. धाकटा म्हणतो, हलकं घ्यावं आणि पंधरा रेप करावेत. यावरून दोघे साडू चार वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. पाण्याची पिंपं दोन. पंखे दोन. इकडचं डंबेल तिकडे न्यायचं तर सासऱ्यांची सही लागते. तसं एक रजिस्टर आहे, मी चाळलं. नीट ठेवलंय.

मालकांना विचारलं, तुमचं मत काय? म्हणाले, बाई, मला दोन मुली आहेत.

७ मार्च

आज पट्ट्याच्या डावीकडे, पाचवाल्यांत. थोरला म्हणाला, मावशी, सहावा रेप म्हणजे हमाली. तीस किलो जमिनीवरून उचलायला दिले. तिसऱ्या रेपला पाठ धनुष्यासारखी झाली. काय चुकतंय ते पाचव्याला उमगलं – आणि पाच संपले.

८ मार्च

कुलूप उघडताना किल्ली फिरवता आली नाही. ताईनं पलंगावरून विचारलं, कशाला गं हे? मी म्हटलं, तू गप्प पडून राहा.

१२ मार्च

उजवीकडे. धाकट्या जावयानं दोन दोन किलोची डंबेलं दिली, गुलाबी. पंधराच्या आत शरीराला खबरच लागत नाही म्हणाला. नवव्या रेपला माझ्या डोक्यात न्हाणीतला गळका नळ आला. नळवाल्याला काय सांगायचं ते ठरवेपर्यंत सतरा झाले. दंड भाजून निघाले हे खरं. पण ताई दोन किलोंची नाही.

पट्टा ओलांडला म्हणून डावीकडचे दातांचे डॉक्टर माझ्याकडे बघेनासे झाले. हे तिथले मानकरी. सहा वर्षं शंभर किलो उचलतात, दर वेळी पाच. बाकीचे तेव्हा हातातलं काम थांबवून उभे राहतात.

१८ मार्च

डावीकडच्या दांड्याला दोन टोकांना दहा-दहाच्या प्लेटा लावल्या की दांडा एका बाजूला झुकतो. तीनदा पाहिलं. माझ्याच्यानं हे बघवत नाही.

२० मार्च

न बघवून आज कारवाई केली.

निवृत्तीच्या वेळी खात्यानं दिलेली प्रमाणित वजनांची पेटी घेतली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मोठा तराजू मागवला – त्याचा तराजू मी अठरा वर्षं तपासलाय, तो मला नाही म्हणत नाही. दुपारी दोनला सुरुवात. दोन्हीकडचे सभासद पट्ट्यापलीकडून माना लांब करून बघत होते. एकूण एक्केचाळीस प्लेटा. खऱ्या तीन!

बाकीच्यांत डावीकडच्या सगळ्या हलक्या, उजवीकडच्या सगळ्या भारी. म्हणजे भारी वजनाचा अभिमान सांगणारे हलकं उचलत होते आणि हलकं उचलतो म्हणणारे भारी. मालकांना समोर उभं केलं. कबूल झाले. सुरुवातीला छापखान्याचं भंगार वितळवून प्लेटा त्यांनीच ओतल्या होत्या. आकडे अंदाजे टाकले. एका प्लेटेवर दहा का लिहिलं, तर म्हणे दहाचा साचा चांगला होता.

डॉक्टरांचे शंभर किलो भरले एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम. ते बाकावर बसले. मग त्यांनी विचारलं, म्हणजे साडेआठ किलो मी कधी उचललेच नाहीत? मी म्हटलं, नाही. सहा वर्षं? हो. दोन्ही हात उघडून त्यांच्याकडे बघत राहिले. जाताना हळूच म्हणाले, घरी कळू देऊ नका.

पंचनामा लिहिला. दोन्ही जावयांनी सह्या केल्या, एकानं डाव्या समासात, एकानं उजव्या. मधे जागा सोडून.

२१ मार्च

भाच्याचा फोन. आई बरी आहे ना? म्हटलं, तुझी इच्छा दिसत नाही, पण बरी आहे. फोन ठेवून दिला. भित्रा.

२४ मार्च

जिममध्ये मला खुर्ची ठेवली होती, बरोबर पट्ट्यावर, दोन पाय इकडे, दोन तिकडे. मालक म्हणाले, बाई, खोटी वजनं तुम्ही पकडलीत, आता पाच की पंधरा याचाही निकाल द्या. सभासद दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून.

मी वहीतून वाचून दाखवलं. नवख्याला आधी उचलायचं कसं ते शिकायचं असतं. पाचात ते शिकून होत नाही, वजन अंगावर येतं. पंधरात शेवटी लक्ष भरकटतं आणि मान, कंबर, नळ सगळं मधे येतं. म्हणून नवख्यानं आठ ते बारा धरावं. वजन असं घ्यावं की थांबताना अजून दोन रेप निघाले असते. ते दोन हातचे राखायचे. बारा सहज निघाले की वजन थोडं वाढवायचं आणि पुन्हा आठावर यायचं. पाठ वाकली की मोजणी तिथंच बंद, आकडा कितीही होवो. पाच आणि पंधरा कुठे जात नाहीत, अंग तयार झालं की ज्याची त्याची गरज.

थोरला जावई धाकट्याकडे वळला. चार वर्षांत पहिल्यांदा! म्हणाला, "या बाईंना आत कुणी घेतलं?"

"तुझ्याच बाजूनं आल्या त्या," धाकटा म्हणाला.

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

२ एप्रिल

आता तिसरा पक्ष निघाला आहे. आठ-ते-बारावाले. त्यांना ना डावीकडे जागा, ना उजवीकडे, म्हणून ते पट्ट्यावरच उभे राहून व्यायाम करतात. पट्टा चार बोटं रुंद. सकाळी रांग लागते. डॉक्टर सर्वांत पुढे, पंचेचाळीस किलो घेऊन, खऱ्या वजनाचे, माझा शिक्का मारलेले. दहा करतात आणि थांबून म्हणतात, दोन राहिले. फार समाधानानं म्हणतात.

मी नऊ रेप. तीस किलो, तेही खरे.

११ एप्रिल

घरी मोजमाप घेतलं. ताई बावन्न किलो. तिच्या पावलांखाली वजनकाटा ठेवून तिला उठवलं, काट्यावर तेवीस. म्हणजे माझ्या वाट्याला एकोणतीस. प्रमाणित वजनांनी काटा तपासून पुन्हा उठवलं. एकोणतीसच. मग पाय थोडे मागे घेऊन पुन्हा. मग चपला काढून पुन्हा.

सातव्या वेळी ताई म्हणाली, झालं का तुझं? म्हटलं, एकच राहिलं. नंतर भिंतीकडे तोंड करून झोपली. दमली असणार.

१९ एप्रिल

चौतीस किलो, बारा. पाठ सरळ. सोमवारपासून छत्तीस, पुन्हा आठावर.

२७ एप्रिल

उद्या नर्सबाई. भाचा पण येतो म्हणाला. म्हटलं ये, डोळ्यांनी बघ.

२८ एप्रिल, सोमवार

आठही खेपा झाल्या. नर्सबाई सकाळी सातपासून स्टुलावर वही घेऊन. प्रत्येक वेळी पाय रोवले, ताईला जवळ घेतलं, गुडघ्यांतून उठले. आठव्या खेपेला तर नर्सबाई पेन खाली ठेवून बघत होत्या. अजून दोन सहज निघाल्या असत्या. तसं मी त्यांना सांगितलंही.

भाचा दिवसभर दाराशी उभा. त्याला म्हटलं, आता सांग, कुठे नेतोस माझ्या बहिणीला? तो ताईकडे बघत राहिला.

नर्सबाईंनी सगळे रकाने भरले. शेवटचा ताईला एकटीला विचारायचा असतो म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबा. थांबले. पंधरा मिनिटं. एका रकान्याला एवढा वेळ?

२९ एप्रिल

ताईला जायचं आहे.

वृद्धाश्रम तिनंच शोधला, फेब्रुवारीत, फोनवरून. तिच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या तिघी तिथे आहेत, पत्त्यांना चौथी मिळत नाही. लेकाला तिनंच बजावलं होतं, माझं नाव सांगू नकोस, तिला लागेल. आठ आठवडे तो माझी बोलणी खात राहिला.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "तू विचारलंस कुठे? तू मोजत होतीस."

भाच्याला फोन केला. काय म्हणायचं ते ठरवलं होतं, ते काही बोलता आलं नाही. तोच म्हणाला, जाऊ दे गं मावशी.

सोमवारी न्यायचं. आश्रमाच्या दाराशी चार पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची वर जात नाही. मी उचलून नेणार.

एकदाच.