बाबांनी वळवलेली नळी

माएबूर्ग,
७ ऑगस्ट १९८३

प्रिय यश,

सुरुवातीलाच एक विचित्र काम सांगते, हसू नकोस. तुझ्या गावात धुराडी साफ करायचं सामान विकणारं एखादं दुकान असेलच. तिथे जाऊन विचार की धुराड्याच्या आतली लोखंडी नळी सात इंची असेल आणि दोन ठिकाणी वळलेली असेल, तर ती घासायला दांडे कुठले घ्यावेत आणि ब्रश कुठला. दांडे किती जाड, एकमेकांत कसे बसतात, ब्रश तारेचा घ्यावा की केसांचा, सगळं खोदून खोदून विचार. मे महिन्यात तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या पाठीमागे शेकोटीची जागा दिसते, म्हणजे वर धुराडं असणारच. ते कोण साफ करतं? इथे मला विचारायला कोणी नाही. आपल्याकडची थंडी स्वेटरपुरती, त्यामुळे धुराडी साफ करण्यावर पोट भरणारा माणूस या बेटावर कुठून असणार!

झालंय असं की जूनपासून आपली पावाची भट्टी धूर वर सोडेनाशी झाली आहे. सकाळी फिलाओची लाकडं पेटवली की अर्धा धूर वर जातो आणि अर्धा आमच्या तोंडावर येतो. समुद्राकाठच्या हॉटेलने दोनदा पाव परत पाठवले, धुराचा वास येतो म्हणून. तो वास मलाही येत होता, पण मी नाकाला दोष देत होते. बाबा आता एकाहत्तरचे आहेत. डॉक्टरने त्यांना धुरापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्याला फ्रेंच कळत नसल्याचा असा काही आव आणला की डॉक्टर माझ्याकडेच पाहत राहिला. त्यात दर पंधरा दिवसांनी ते शिडी लावून छपरावर चढतात आणि वरून नळीत बांबू खुपसतात. मला खरी धास्ती धुराची नाही, त्या शिडीची आहे.

लहानपणी हे धुराडं सरळ होतं, आठवतं ना? भट्टी थंड असली की तू खालच्या झरोक्यात डोकं घालून माझं नाव ओरडायचास आणि मी छपरावर बसून ते ऐकायची. खालून पाहिलं की वर रुपयाएवढं आकाश दिसायचं. आई आपल्या दोघांची काजळीने भरलेली तोंडं एकाच फडक्याने पुसायची. मग पंच्याहत्तरच्या वादळात पत्रे उडाले. तू परदेशी जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांनी सिमेंटचा स्लॅब घातला आणि वर तुझ्यासाठी खोली बांधली. धुराडं नेमकं खोलीच्या मधोमध आलं असतं, म्हणून साखर कारखान्यातल्या लोहाराकडून त्यांनी वळणाची नळी करून घेतली. ती भट्टीवरून सरळ निघते, स्लॅबखाली आडवी होते, खोलीला वळसा घालते आणि मागच्या भिंतीतून पुन्हा उभी छपरावर जाते. सत्त्याहत्तरला तू आलास तेव्हा तीन आठवडे त्या खोलीत झोपलास. रात्रीची भिंत कोमट लागते, बरं वाटतं, असं म्हणालास. बाबा ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आता ही नळी साफ कशी करायची, या कोड्याने मला गेले दोन महिने झपाटलं आहे. पहिल्यांदा बांबूला गोणपाट बांधून खालून घातला. तो पहिल्या वळणाशी जाऊन गप्प उभा राहिला. मग कारखान्यात बॉयलरच्या नळ्या घासणारा देवराज, तुझ्या वर्गातला, तो त्याचे लोखंडी दांडे आणि तारेचा ब्रश घेऊन आला. दांडे पेचाने एकमेकांत बसतात. त्याने मला बजावून सांगितलं होतं की फिरवायचे ते उजवीकडेच. मी ऐकलं, मान डोलावली, आणि ब्रश वळणात अडकला तेव्हा घाईघाईने फिरवला डावीकडे. पेच सुटला. दांडे माझ्या हातात आणि ब्रश नळीच्या पोटात! देवराज सभ्य माणूस, उरलेले दांडे पुसत बसला.  बाबा दोरी आणि आकडा घेऊन छपरावर चढले आणि ब्रश काढता काढता शेवाळावरून घसरले. पाण्याच्या पन्हळीला पाय अडकला म्हणून वाचले. गुडघा सुजला, दुसरं काही झालं नाही. पण यश, त्यांचा दुसरा पाय हवेत लोंबताना मी अंगणातून पाहिला आहे, आणि ब्रश उलटा फिरवणारी मी होते. हे मी अजून कोणाजवळ बोलले नाही.

त्यानंतर मी ठरवलं की आंधळेपणाने काही घुसवायचं नाही. छपरावरून दोरी सोडून मापं घेतली, भिंत ठोकून ठोकून नळी कुठे आहे ते ऐकलं आणि भट्टीसमोरच्या फरशीवर कोळशाने पूर्ण नळी खऱ्या मापात काढली. पाव न्यायला येणारी माणसं ती ओलांडून जायची आणि मला वेड लागलं की काय असं बघायची. मग चंद्रावती मावशीला कळवलं. क्वात्र बॉर्नला तिच्या शेजारी खुर्च्या विणणारा आहे, त्याच्याकडून तिने तीन जाडीचे वेत पाठवले. ते फरशीवरच्या वळणात वाकवून पाहिले. कळलं ते असं: ब्रशाजवळचे दोन दांडे सडपातळ आणि लवचीक हवेत, म्हणजे ते वळण घेतात, आणि मागचे जाड हवेत, म्हणजे ढकलायला जोर मिळतो. सगळेच मऊ घेतले तर ते नळीतच कमान टाकून बसतात. ब्रश नळीहून अगदी किंचित मोठा. तारेचा तर नकोच, आतला पातळ पत्रा खरवडला जातो. मी काथ्याचा बांधला. पाच तास लागले, पण काथ्याचा ब्रश वर बाहेर आला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बसंती काकी धावत आली. दोन पोती काजळी निघाली.

एकच गोष्ट जमली नाही. ब्रश वळणाच्या मध्ये असताना मागे ओढता येत नाही, त्याचे केस उलटे होऊन तो तिथेच पाचर मारतो. तो पार वर काढायचा आणि मगच परत खाली ओढायचा. म्हणजे दर महिन्याला छपरावर कोणीतरी हवंच, नळीवरची टोपी काढायला आणि ब्रश धरायला. मी खाली ढकलणार. देवराज वर जायला तयार आहे, पण बाबा त्याला शिडीला हात लावू देत नाहीत. वळण त्यांनी घातलं, ते तेच सांभाळणार म्हणे.

आता फरशीवरच्या त्या चित्राची गंमत सांगते. काढून झाल्यावर मला दिसलं की नळी गरजेपेक्षा जास्तच लांब वळसा घेते. तुझी खाट आणि कपाट मावायला ती दोन फूट सरकवली असती तरी पुरे होतं, बाबांनी सरकवली साडेचार फूट. तेवढा आडवा तुकडा वाढला आणि काजळी साचते ती नेमकी तिथेच. एवढा हिशेबी माणूस असं का करेल? आठवडाभर मी त्यांच्या मागे लागले. शेवटी पीठ मळता मळता, मान वर न करता म्हणाले, मग पाळणा कुठं टांगायचा व्हता?  मीही पीठ मळायला लागले.

गोवर्धन गवंडी येऊन पाहून गेला. त्याचं म्हणणं सोपं आहे. नळी पूर्वीसारखी सरळ करा, खोलीच्या मधून जाऊ द्या, खोलीतच एक झाकण ठेवा. तिथूनच ब्रश वर-खाली करता येईल, कोणाला छपरावर जायला नको. दोन दिवसांचं काम. बाबांनी त्याला चहा दिला आणि इथल्या बोलीत नेहमीचं एकच वाक्य ऐकवलं: "कां याश व्हिनी, लेर्ला नू गेते." यश आला की बघू. तू आलास की बघायच्या गोष्टींची यादी आता बरीच लांब झाली आहे. पिठाच्या गोण्याही वर ठेवायच्या नाहीत, त्या माझ्या खोलीत आहेत. मी अकरा गोण्यांच्या शेजारी झोपते आणि सकाळी शिंकत उठते, तर वर तुझ्या गादीवरचं प्लास्टिक दर शनिवारी पुसलं जातं. मला राग येतो, यश. बाबांचा येतो, तुझा येतो, आणि मग शनिवारी ते फडकं घेऊन जिना चढताना दिसले की कोणाचाच येत नाही.

नेहमी तुला पत्र लिहिलं की बाबांना वाचून दाखवते आणि मग पाकिटात घालते. हे दाखवणार नाही. दांड्यांबद्दल मी खरंच विचारते आहे, ते जाणून घ्यायची मला हौस आहे. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. त्या फोटोत तुझ्या हातात रंगाचा ब्रश आहे आणि शेकोटीवरची भिंत अर्धी पिवळी झाली आहे. भाड्याच्या घराची भिंत सुट्टीच्या दिवशी स्वतः कोण रंगवतं? तू घर घेतलंस. चांगलं केलंस, खरंच. फक्त सांगितलं नाहीस. बाबांना त्या फोटोत भिंत दिसली नाही, तूच दिसलास. त्यांनी तो चौकटीत घालून तुझ्या खोलीत लावला आहे. तीनदा माझ्या तोंडाशी आलं होतं, पण हे त्यांना माझ्याकडून कळू नये. म्हणून एक ऐक. दुकानात जाऊन सगळं विचार आणि मला लिही, पण दांडे पोस्टाने पाठवू नकोस. तुझं पार्सल आलं, की खोली राखायची आहे असंच बाबा समजतील आणि नवे दांडे घेऊन दर महिन्याला छपरावर चढतील. येणार असशील तर ते हातात घेऊन ये, मी विमानतळावर उभी राहीन. येणार नसशील तर गणपती बसायच्या आत बाबांना एकच ओळ लिहून पाठव, की 'नळी माझ्या खोलीतून सरळ न्या.' मी ती त्यांना वाचून दाखवीन, गोवर्धनला बोलावीन, आणि त्या दिवशी भट्टी पेटवणार नाही.

तुझीच,
इंद्राणीताई