एल्डरपदाचा चढ

११ जानेवारी, गुरुवार. उणे चौदा.
रविवारी चर्चच्या एल्डरची निवडणूक. उमेदवार दोन: मी आणि चर्चकडे येणाऱ्या चढाच्या पायथ्याशी नूडल्सची खानावळ चालवणाऱ्या मेंगबाई. म्हणजे खरं तर एकच. उपासनेसाठी चर्च तयार करायला आज आठ स्वयंसेवक आले. बर्फ लोटला अर्धा तास, भाजलेली रताळी हादडली दोन तास. मी देखरेख केली. देखरेखीला अक्कल लागते.

१२ जानेवारी, शुक्रवार.
मेंगबाईंनी शेगडीतल्या जळलेल्या कोळशाच्या वड्या फोडून सगळ्या चढावर राख पसरली. देवाचं घर आहे की उकिरडा? तोंडावर सुनावलं. त्या म्हणाल्या, डीकन प्यो, पाय घसरला की देवाचं घर राहील बाजूला, हाडवैद्याचं गाठावं लागेल. सगळे फिदीफिदी हसले. अडाणी लेकाचे.

१३ जानेवारी, शनिवार. दुपारी ३.
सगळे घरी गेल्यावर चर्चच्या स्वयंपाकघरातून कढत पाण्याची पंधरा पातेली वाहून चढ धुऊन काढला. एकट्यानं! पाणी गोठेल की काय, अशी शंका क्षणभर आली. पण कढत पाणी कसं गोठेल? साधं शास्त्र आहे.

संध्याकाळी ५.
चढ काय चमकतोय! उद्या दारात सगळ्यांच्या आधी आपण दिसलं पाहिजे, म्हणून आज वर चर्चच्या हॉलमध्येच मुक्काम. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, चमकतोय ते ठीक, पण का चमकतोय ते बघा. कौतुक म्हणून नाही हिच्या तोंडी.

१४ जानेवारी, रविवार. सकाळी १०.
सूट घालून दारात उभा. खाली ही गर्दी. पाळकसाहेब चार पावलं चढले आणि बसल्या बसल्या परत खाली गेले. म्हाताऱ्या तर पाऊलच टाकेनात. श्रद्धा कमी पडते लोकांची. मी वरून ओरडलो, कडेकडेनं या! खालून कुणीतरी ओरडलं, आधी तुम्ही उतरून दाखवा. असल्यांच्या तोंडी कोण लागणार?

११.३०.
उपासना मेंगबाईंच्या खानावळीत चालू आहे. गाणी इथवर ऐकू येतात. मतदान काही तिथे होणार नाही. नियमात बसत नाही.

दुपारी १.
बायकोचा फोन. नियमात बसलं. एक्केचाळीस मतं पडली, एक्केचाळीसही मेंगबाईंना. माझं स्वतःचं मत माझ्यापाशीच राहिलं. रडूच आलं. म्हटलं, अगं, त्या एक्केचाळीसात तूही होतीस ना?
ती म्हणाली, तुमच्या वाटच्या नूडल्स फुगत होत्या, मीच खाऊन टाकल्या.